काचेला लावलेला कागद

फिटरमामा सापाच्या खोलीत कधीच बूट घालून गेले नाहीत. लोखंडी टोकाचे ते जड बूट दाराबाहेर काढायचे, मोजे त्यात कोंबायचे आणि अनवाणी आत जायचे. नवखी माणसं हसायची. त्यांना वाटायचं, बाबा सापाला देव मानतो. मीही पहिल्या दिवशी तेच विचारलं. मामा म्हणाले, "देवबिव काय न्हाई. त्याला कान कुठं हाईत? पावलाचा दणका पोटातनं कळतो त्याला. तुझ्या भिंतीवर कुणी घण घालत बसलं, तर तू जेवशील का?"

मामा मूळचे शिराळ्याचे, सिंगापुरात तुआसच्या एका शिपयार्डात फिटर. आठवड्याची एकुलती एक सुट्टी ते प्राण्यांच्या निवाऱ्यात फुकट राबून घालवायचे. सिंगापुरात घरी साप पाळायला बंदी आहे. तरी लोक चोरून पाळतात आणि अंगाशी आलं की खोक्यात घालून इमारतीखाली ठेवून जातात. असे साप त्या निवाऱ्यात येत. मी त्याच शहरात, आंग मो किओला इंजिनिअर. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही. मामांनी हे तासाभरात ओळखलं आणि मला 'इंजिनेरबाई' म्हणायला लागले.

त्या वर्षी क्वीन्सटाउनच्या एका फ्लॅटमधून एक बॉल पायथन, छोट्या जातीचा अजगर, आला. हातभर लांब, पारदर्शक डब्यात वाढलेला, फासळ्या मोजून घ्याव्यात असा. त्याचं नवं घर मी लावलं. मोठी काचेची पेटी, एका बाजूला ऊब, दुसरीकडे गारवा, दोन्हीकडे थर्मामीटर, वर झकास दिवा. मामांनी कमरेवर हात ठेवून ते पाहिलं. "इंजिनेरबाई, ही खोली हाय का सोनाराचं शोकेस?" दिवा त्यांनी काढला. तिन्ही बाजूंच्या काचांना वर्तमानपत्र चिकटवलं. मग पिशवीतून लिटल इंडियातून आणलेलं मडकं काढलं, त्याला कानशीने दार पाडून ते पेटीत पालथं ठेवलं. शिराळ्याला नागपंचमीसाठी धरलेला नाग मडक्यातच ठेवत. मामांनी तरुणपणी असे कितीतरी धरले होते आणि सण झाल्यावर जिथले तिथे सोडले होते. साप मडक्यात शिरला, वेटोळं घालून बसला.

"आता?" मी विचारलं.

"आता निवू दे."

हा त्यांचा ठेवणीतला शब्द. वेल्डिंग केलेल्या तापल्या सांध्यावर घाईने पाणी मारलं की तो तडकतो, तसाच नव्या जागी आलेला जीव. हात लावायचा नाही, उचलून बघायचं नाही. रविवारी उंदीर ठेवायचा, नाही खाल्ला तर निमूट उचलायचा. तीन रविवार त्याने तोंड लावलं नाही. निवाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर बघू, नाहीतर नळीने भरवावं लागेल, आणि एवढ्या अशक्त सापाला ते झेपेलच असं नाही. चौथ्या रविवारी साप मडक्यातून अर्धा बाहेर आला आणि जीभ हलवत उंदरापर्यंत गेला. खाल्ला नाही, पण गेला. मामांचा चेहरा खुलला. "फुडच्या येळेला खातोय बघ."

आणि मी काय केलं? इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फुशारकी मारली. पंचमी आम्ही सोयीने पुढच्या रविवारी साजरी करतो. त्या रविवारी मंडळाची अकरा माणसं सापाच्या पूजेला दारात हजर! रेशमी साड्या, हळदकुंकू, दुधाचं पाकीट.

मामा दारात आडवे उभे राहिले. "आज नगा. उपाशी हाय त्यो. आन् साप दूध पीत न्हाई."

"अहो, परंपरा आहे आपली," मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले.

"शिराळ्याचा हाय मी. पंचमी मला शिकवू नका."

सेक्रेटरी हसले. "मामा, शिक्षण किती हो तुमचं? मॅडम इंजिनिअर आहेत, त्यांना ठरवू द्या."

माझे वडील सातवी शिकलेले. हा प्रश्न त्यांना विचारला गेलेला मी शंभर वेळा ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी भांडले आहे. त्या दिवशी मात्र अकरा माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी म्हणाले, "दोनच मिनिटं, मामा."

मामा बाजूला झाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

बुटांसकट सगळे आत शिरले. फोटो नीट यावा म्हणून कागद फाडले. एकाने मडकं उचललं. पाण्याच्या भांड्यात दूध ओतलं. साप काचेवर धडकला, पुन्हा धडकला, नाकपुडीतून रक्त आलं. तेव्हा कुठे मंडळी "अगंबाई" म्हणत बाहेर पडली. आणि दुसऱ्या दिवशी यांचीच तक्रार, की तो माणूस उद्धट बोलतो! निवाऱ्याने नियम काढला की ज्याच्याकडे हाताळणीचं सर्टिफिकेट नाही, त्याने सापाच्या खोलीत जायचं नाही. माझ्याकडे ते होतं. दोन दिवसांचा कोर्स. ज्याने मला साप शिकवला, त्याच्याकडे नव्हतं.

मी मंडळ सोडलं. निवाऱ्याला लांबलचक मेल लिहिला, चूक माझी आहे असं नावानिशी कबूल केलं. काही हललं नाही. मामांना सांगायला तुआसला गेले, तर म्हणाले, "तू सापाकडं बघ. बाकीचं निवू दे." दोन महिन्यांनी त्यांचं काम संपलं आणि ते गावी गेले.

पण त्याआधी मी पुन्हा कागद लावले, मडकं पालथं घातलं, अनवाणी आत जाऊ लागले. सहाव्या रविवारी ठेवलेला उंदीर सोमवारी सकाळी नव्हता. मी मामांना फोन लावला.

"मडकं उचलून बघितलंस?"

"नाही मामा."

पलीकडे शिपयार्डाचा खणखणाट. त्यावरून ओरडून म्हणाले, "झालीस इंजिनेर."

खोलीच्या दारावर मी पाटी लावली आहे. बूट बाहेर काढा, काचेचे कागद काढू नका, मडकं उचलू नका. खाली हे नियम घालणाऱ्याचं संपूर्ण नाव, तुआसमध्ये ज्याला सगळे नुसतं फिटरमामा म्हणत आणि पूर्ण नाव कुणी विचारलंच नाही. सर्टिफिकेट नसलेल्याचं नाव चालत नाही म्हणून ऑफिसने ती पाटी दोनदा काढली. मी तिसऱ्यांदा लावली आहे. मामांचं बाकी सगळं ऐकते. हे मात्र मी निवू देणार नाही.