मामाजींचं ताट

हसायचं तर खुशाल हसा. भूत-प्रेत, अंगात येणं... मीही आजवर हसतच आले. गोंदियात माझं पार्लर आहे, असले किस्से रोज ऐकते नि "चल, काहीतरीच!" म्हणून उडवून लावते.

मागच्या उन्हाळ्यात जवळच्या बिरसी गावातल्या आमच्या घरी एका आर्ट फिल्मचं शूटिंग झालं. गोष्ट अशी — म्हातारा खाटेवर मरायला टेकलाय आणि घरचे शेजारी बसून निवांत जेवतायत. डायरेक्टर पोरीला म्हातारा हवा होता. आम्ही काय केलं? माझे सासरे, आमचे मामाजीच देऊन टाकले! मामाजींना लकवा मारून दोन वर्षं झालेली, वाचा गेलेली. "पडूनच तर राहतात," असं मीच म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी!

घरचे म्हणून नवरा, दीर आणि मी. अॅक्टिंगची गरजच पडली नाही. पूर्वी मामाजींनी पहिला घास घेतल्याशिवाय आमच्यात कुणी ताटाला हात लावत नसे. पण लकव्यानंतर त्यांना आधीच पेज पाजून मोकळं व्हायचं... त्यांचं ताट फळीवर गेलं ते गेलंच.

भर दुपारी टेक सुरू. शेजारच्या विमानतळावरून पायलट शिकणाऱ्यांची विमानं सारखी डोक्यावरून, साउंडवाला वैतागलेला. एकदाचं शांत झालं, आम्ही गुमान जेवलो. कट होताच साउंडवाला ओरडला, "बीच में कौन बोला?"

कुणीच नाही! त्यानं रेकॉर्डिंग लावलं. भात कालवल्याचा आवाज... आणि मग स्वच्छ — "मले काऊन नाही वाढलं?"

मामाजींचा आवाज! व्हिडिओ दहादा पाहिला. त्यांचे ओठ मिटलेलेच होते. नवरा ओक्साबोक्शी रडायला लागला. मी धावत जाऊन ताट काढलं, दिरानं त्यांना टेकवून बसवलं, मऊ भात कालवून भरवला. सगळा खाल्ला हो!

तेव्हापासून पहिलं ताट त्यांचंच. हळूहळू ते बसायला, मग काठी टेकत चालायला लागले, आधी एकेक शब्द आणि मग नीट बोलायला लागले. डॉक्टर म्हणतात, असं होऊ शकतं. मान्य. पण मिटल्या ओठांचा आवाज टेपवर कसा आला?

फिल्म गावातच मांडव घालून दाखवली. शेवटी पडद्यावर म्हाताऱ्याच्या तोंडावर चादर ओढतात. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मामाजी काठी आपटून गरजले,

"खोटं हाय! मी आताच जेवून आलो!"

अख्खा मांडव टाळ्यांनी दणाणला. मी तर शिट्टी मारली — सून असून!