आधी पिशवी रिकामी करायला लावणाऱ्या वसुधा मॅडम

आणि हे काय चाललंय? साठीचा सोहळा ठरला, हॉल ठरला, शाल कुठल्या रंगाची तेसुद्धा ठरलं. पण वसुधा मॅडम निवृत्त झाल्या की स्टिरॉइड घेणाऱ्या गरोदर बायकांना कोण बघणार, हे एकाही डॉक्टरनं ठरवलं नाही. विचारलं तर म्हणतात, "अक्का, तुम्ही आधी सत्काराच्या अंकासाठी लेख द्या." घ्या लेख. माझी शाळा चौथीत सुटली, चुका तुम्ही सुधारा.

मॅडमची माझी ओळख भांडणातून झाली. मी दवाखान्यात नवी आया होते. बायकांची रांग दारापर्यंत, आणि मॅडम रक्त घेण्याआधी प्रत्येकीची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावत. मी म्हटलं, "मॅडम, रक्त घ्या आणि सोडा की! संध्याकाळ होईल." त्या म्हणाल्या, "होऊ दे. पोटात कुठली गोळी आहे ते कळल्याशिवाय रिपोर्टमधला आकडा वाचून काय करू?" दम्याच्या गोळ्यांतही स्टिरॉइड असतं, पण बायका त्यांना औषध म्हणतच नाहीत. त्या पिशवीतच सापडायच्या.

याचा अर्थ मला माझ्या लेकीमुळे कळला. शोभाला सांध्यांसाठी स्टिरॉइड चालू होतं, त्यात दिवस गेले. तिकडे कर्नाटकात हुणसूरला, सासरी असताना रक्त तपासलं तर बाळाची खुशाली सांगणारं हार्मोन कमी आलं. घरात रडारड. पुन्हा तपासायचं ठरलं, तेव्हा रिपोर्ट चांगला यावा म्हणून या बयेनं गोळ्याच सोडल्या, उपास धरावा तशा! चक्कर, उलट्या. बसमधून कशीबशी इथं आणली. मी तोंडाचा पट्टा सोडला, तर मॅडमनी मलाच दटावलं, "अक्का, सुम्ने बसा, गप्प!"

आधी त्यांनी सोडलेल्या स्टिरॉइडचंच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मग तिच्याजवळ बसल्या. "अगं, त्या गोळीमुळेच आकडा खाली दिसतो. बाळ कसं आहे ते सोनोग्राफीत बघू. कागदाला खूश करायला गोळी एकदम सोडून जीव धोक्यात घालशील? मला विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही."

"आणि सासूबाई ओरडल्या तर?"

"त्यांनाही घेऊन ये. त्यांची पिशवी बघते."

शोभा रडता रडता हसली. दुपारी मॅडमनी आपल्या डब्यातला भात तिला दिला आणि स्वतः बिस्किटांवर भागवलं. नात आता शाळेत जाते, माझ्यासारखीच तोंडाळ आहे.

मॅडम, तुम्ही खूप वर्षं ठणठणीत राहा. आम्हाला सांगता ते पथ्य आता स्वतःही पाळा, दुपारी आडव्या व्हा. तुम्हाला परत बोलवायला कुणी आलं तर मी दारातूनच हाकलीन.

पण मॅडमच्या शिष्य डॉक्टरांनो, शोभाला पुन्हा दिवस गेलेत आणि गोळ्या चालूच आहेत. आता तिचा रिपोर्ट कोण वाचणार? सत्कारानंतरच्या सोमवारपर्यंत मला नाव सांगा. "बघू" चालणार नाही.