खोली कामगाराच्या नावावर

"मॅडम, इथे सही करा. बाकीचं मी बघतो," कर्णिक साहेब म्हणाले.

मी कागद वाचला. मग पेनाला टोपण लावलं.

"मी नाही करणार, साहेब."

"का?"

"इमारत आपण कामगारांसाठी बांधलीय. ही तर कंपनीला चाललीय."

साहेब चिडले नाहीत. चिडणाऱ्यांतले नव्हतेच ते. त्यांनी चहा मागवला आणि मला समजावायला बसले. अशा साहेबांशी भांडणं फार अवघड असतं.

मी तेव्हा भिवंडीत भाड्याच्या घरांच्या एका सरकारी योजनेत वाटप अधिकारी होते. म्हणजे बांधून झालेल्या खोल्या कुणाला आणि कोणत्या अटींवर द्यायच्या, ते ठरवून त्यावर सही करणारी बाई. सिमेंट-सळ्या इंजिनिअर बघायचे, भांडणं माझ्या वाट्याला.

मंदीत भिवंडीतल्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, काय दशा झाली, हे इथल्यांना सांगायला नको. कपडा उचलला जाईना. दोन शिफ्टची एक झाली, मग तीही बंद. शेठ लोकांनी जुने लूम भंगारात वजनावर विकले. कामगार गावी गेले. ज्यांना गावी काही उरलं नव्हतं, ते इथेच अडकले.

सरकारी योजना मला सहसा आवडत नाहीत, पण हिच्यातली एक गोष्ट पटली होती. बाजारात कुणीच खर्च करत नसताना सरकारने करावा, आणि तो अशा कामावर करावा की आधी लोकांच्या हाताला काम मिळेल आणि नंतर डोक्यावर छप्पर. कोनजवळ सरकारी जागेवर इमारत उभी राहायची होती. खोल्या विकायच्या नाहीत, परवडेल अशा भाड्याने द्यायच्या. आणि बांधकामावर निम्मी माणसं लूम बंद पडून बेकार झालेली घ्यायची, अशी कंत्राटदाराला अट होती. "लूमवालों को सेंटरिंग क्या आएगी," म्हणून तो कुरकुरला. पण माणसं शिकली. पुढे खोल्याही त्यांनाच मिळायच्या होत्या.

हिराबाई त्यांतलीच. शहापूरकडच्या आतल्या गावातली. लूमवर ती कांडी भरायची, म्हणजे धोट्यात बसणारं सूत गुंडाळायची. साइटवर तिने रेती उचलली, स्लॅबला पाणी मारलं. ती पूर्वी लूमच्या कारखान्यामागे शेठच्याच खोलीत राहायची. कारखाना विकला गेला त्या दिवशी खोलीलाही कुलूप लागलं. गॅसची शेगडी, भांडी, मुलीचं दप्तर, सगळं रस्त्यावर. तिची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. ती पेपर द्यायला गेली ती मावशीच्या घरून.

"काम गेलं तं दुसरं बघता येतं, ताय," हिराबाई मला म्हणाली होती. "पन काम बघायला बाहेर पराचं, तं पोरीला कुठं ठेवाची?"

आता साहेबांनी पुढे केलेल्या कागदाबद्दल. मानकोलीच्या एका गोडाऊन कंपनीला सगळ्या खोल्या एकदम हव्या होत्या. आमच्या भाषेत याला मास्टर लीज म्हणतात. करार आमचा आणि कंपनीचा. भाडं कंपनी भरणार, आणि खोलीत कुणाला ठेवायचं तेही कंपनीच ठरवणार. बदल्यात जितकी माणसं खोल्यांत मावतील तितक्यांना ती पॅकिंग आणि लोडिंगवर घेणार. नोकरी संपली की माणसाने खोली सोडायची. हे काही लपवलेलं नव्हतं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"मॅडम, विचार करा," साहेब म्हणाले. "एका फटक्यात सगळ्यांना नोकऱ्या. भाड्याचा एकच चेक. आपल्याला दारोदार वसुलीला जायला नको. उद्या ही माणसं पुन्हा बेकार झाली तर भाडं कोण देणार? योजना बुडेल. मग तुमची तत्त्वं कुठे ठेवायची?"

शेवटचा प्रश्न खरा होता. त्याला उत्तर नसताना नुसतं 'नाही' म्हणत बसण्यात अर्थ नव्हता. मी मुदत मागितली. साहेब म्हणाले, आयुक्त इमारत बघायला येताहेत, त्याआधी काय ते ठरवा.

आधी मी मानकोलीला गेले. कंपनीचे मॅनेजर सक्सेना मोकळा माणूस. मी विचारलं, "खोल्या कामगारांच्या नावावर दिल्या, तरी ते तुमच्याकडेच कामाला येतील ना? गेट जवळ आहे."

"आएँगे, मॅडम. पर टिकेंगे नहीं. बाजूवाला थोडा ज्यादा देगा, तो उधर चले जाएँगे. कमरा हमारे पास रहेगा, तो आदमी भी रहेगा."

"मग तुम्हीही थोडा ज्यादा द्या."

ते हसले. मी हसले नाही. माणूस टिकवायला पगार वाढवण्यापेक्षा सरकारी खोली स्वस्त पडते, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती खोली आम्ही मंदीतून माणसं वर यावीत म्हणून बांधली होती.

मग साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले. इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दुकानांचे गाळे होते. ते आम्ही स्वस्तात देणार होतो, का तर तशी पद्धत. मी म्हटलं, गाळे बाजारभावाने द्या. त्यातला जास्तीचा पैसा वेगळा ठेवा. कुणाची नोकरी गेली, तर काही महिने त्याचं भाडं त्यातून भरायचं. काम लागलं की पुढे त्याचं त्याने भरायचं. हिशेब इंजिनिअरकडून तपासून घेतला. जेमतेम बसत होता, पण बसत होता.

हे कळल्यावर अंजूरचा माझा चुलतभाऊ घरी आला. शेतात गोडाऊन आणि उरलेल्या जागेत भाड्याच्या चाळी, असा त्याचा कारभार. "तू सरकारी खोल्या अशा देशील, तं आमचं भारं कोन देल?" त्याने विचारलं. मी म्हटलं, चाळीत पाण्याचं बघ, मग देतील. तो जेवायला थांबला नाही.

खरी कसोटी पुढेच होती. ज्यांच्यासाठी मी अडून बसले होते, त्यांना हे हवं होतं का? संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि दोन्ही बाजू सांगितल्या. हेही सांगितलं, की आपण नको म्हटलं तर कंपनी कदाचित कामावर घेणार नाही. त्यात माझी काही हमी नाही.

अख्तरभाई उठले. आझमगढकडचे, अर्धं आयुष्य लूमवर गेलेले. "मॅडम, आपका पगार चालू है," ते म्हणाले. "हमारा बंद है. पहले काम. छत बाद में देखेंगे."

बऱ्याच माना हलल्या. मला झोंबलं, पण त्यांचं चुकत नव्हतं. हिराबाई म्हणाली, "मी रस्त्यावर बसलेली हाय. पुन्ना न्हाय बसायची." तिच्याही बाजूने थोडे लोक होते. भांडण झालं नाही, पण काही ठरलंही नाही. घरी जाताना रिक्षात मी स्वतःला विचारत होते, की हा माझा हट्ट तर नाही ना.

आयुक्तांची भेट आली. तयार खोलीतच टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीकडून सक्सेनाही आले होते. साहेबांनी मास्टर लीज छान मांडलं, नोकऱ्यांचा आकडा दोनदा सांगितला. आयुक्तांनी माझ्याकडे बघितलं. "वाटप अधिकाऱ्यांची सही दिसत नाही."

"करणार नाही, सर. माझं म्हणणं लेखी दिलंय," मी म्हटलं आणि गाळ्यांचा हिशेब पुढे ठेवला. "योजना रोजगाराची आणि घराची आहे. यात घर रोजगाराला बांधून टाकलंय. पुढची मंदी आली की दोन्ही एकाच दिवशी जाणार. तेच तर आपण आत्ता निस्तरतोय."

कर्णिक साहेबांनी कपाळाला हात लावला.

सक्सेना शांतपणे म्हणाले, "सर, मजदूर खुद यही चाहते हैं. पूछ लीजिए."

"बोलवा," आयुक्त म्हणाले.

मनातून मी हरले होते. कामगार वर आले आणि बोलायला अख्तरभाई पुढे झाले.

"काम चाहिए, साहब," ते म्हणाले. "बहुत चाहिए. मैं खुद इनके गेट पर पूछने गया था. बोले, एक कमरे में आठ पलंग लगेंगे. ऊपर-नीचे. दिन पालीवाला उठेगा, रात पालीवाला सोएगा. फॅमिली नहीं चलेगी." ते थांबले. "ऐसे ही सोया हूँ मैं सारी उमर. दूसरे की गरम चादर में. इस बिल्डिंग की ईंटें हमने चढ़ाई हैं. मेरी घरवाली ने आज तक भिवंडी नहीं देखी. कमरा अपने नाम पे चाहिए. काम दो तो मेहरबानी, नहीं तो दूसरा गेट है."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून हिराबाई म्हणाली, "माजं बी तेच." मग एकेक करून बाकीचेही.

आयुक्तांनी सक्सेनांना विचारलं, "आठ पलंग? खरं आहे?"

"ऑप्टिमम युज, सर."

"या खोलीचा नकाशा मी एका कुटुंबासाठी मंजूर केलाय," आयुक्त म्हणाले. त्यांनी मास्टर लीजचा कागद घडी करून साहेबांकडे परत दिला. "करार कामगारांच्या नावाने करा. गाळ्यांचं सहा महिने करून बघू."

कंपनीने त्याच आठवड्यात नोकऱ्यांचा प्रस्ताव मागे घेतला. पुढचे दोन-तीन महिने वाईट गेले. गाळ्यांच्या पैशांतून निम्म्या खोल्यांचं भाडं भरलं जात होतं, आणि साहेब रोज मला तो आकडा ऐकवत होते. लोक मजुरीसाठी नाक्यावर उभे राहत, मिळेल ते करत. मी जिना चढताना कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. पण खोली कुणाची गेली नाही.

मग दिवाळीचा माल आला. मानकोलीच्या प्रत्येक गेटवर माणसं कमी पडायला लागली, सक्सेनांच्या गेटवर तर सगळ्यात जास्त. त्यांनी आमच्या इमारतीपाशी गाडी पाठवली. लोकांनी आधी बाजूच्या गेटचा पगार विचारला. सक्सेनांना पगार वाढवावा लागला. मला फोन करून म्हणाले, "मॅडम, आपने महँगा कर दिया." मी म्हटलं, "थँक यू."

त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'समन्वयाचा अभाव' असा शेरा पडला आणि माझी बदली भांडार विभागात झाली. निवृत्तीपर्यंत मी तिथे खुर्च्या आणि पंखे मोजले. पुन्हा तोच कागद आला असता, तरी मी तेच केलं असतं. शेरा काही खायला मागत नाही.

अधूनमधून नवे अधिकारी सल्ला विचारायला येतात. मी त्यांना एवढंच सांगते, की कुणी नोकऱ्यांचा मोठा आकडा घेऊन आलं तर किती माणसं घेणार हे विचाराच, पण त्या माणसांना नोकरी सोडता येईल का, तेही विचारा. ज्याला सोडून जाता येतं, त्याचाच पगार वाढतो. बाकीच्यांच्या खोलीत नुसते पलंग वाढतात.