आठव्या पायरीचा पट्टा

केळव्यात बळवंत विश्राम राऊत हे नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाकीच्या गावाला तो पस्तीस वर्षं बळ्या होता आणि त्यानंतर मास्तर. या दोन हाकांत किती अंतर असतं, ते पस्तीस वर्षं पहिली हाक ऐकलेल्या माणसालाच कळतं.

बळ्या असताना त्याने पानमळा लावला, वेली कुजल्या. कोंबड्या पाळल्या, मुंगसाने नेल्या. शेवटी मुंबईला गेला आणि सात वर्षं एका जिमखान्यात राहिला. तिथे साहेब लोक ज्यूदो नावाची जपानी कुस्ती शिकत. गाद्या घालायच्या, गाद्या उचलायच्या, घामेजलेले कपडे धुवायचे, हे बळवंताचं काम. आणि एखाद्या साहेबाचा जोडीदार आला नाही तर त्याच्या जागी उभं राहायचं. उभं राहायचं म्हणजे आपटून घ्यायचं. साहेबांनी त्याला कमरेवरून आपटलं, खांद्यावरून आपटलं, पायात पाय अडकवून आपटलं. सात वर्षांत त्याने एकालाही पाडलं नाही. त्याचा पगार पडण्याचा होता.

निघताना तिथल्या म्हाताऱ्या शिक्षकाने त्याला एक जुना अंगरखा दिला आणि एक पट्टा. पट्टा पांढरा. म्हणजे ज्याला अजून काही येत नाही, त्याचा. परीक्षा देत गेलं की तो पुढे तपकिरी होतो, मग काळा, आणि काळ्याच्या वर पुन्हा दहा पायऱ्या.

त्रेसष्ट साली तो गावी उतरला, तेव्हा वाटेवर पहिले भेटले अण्णा. पोफळीच्या तीन वाड्या, गावकीचे पुढारी, आणि कुणालाही दुखेल असं बोलायची उपजत देणगी.

“काय रे बळ्या, मुंबईत काय दिवे लावलेस?”

खोटं बोलायचं असं बळवंताने ठरवलं नव्हतं. ते तोंडातून आपलं आपण बाहेर आलं. “ज्यूदो शिकलो अण्णा. काळा पट्टा हाय माझा. पहिली पायरी.”

“बघू तरी.”

“सामानात खाली हाय. उद्या दाखवतो.”

उद्यापर्यंत पांढऱ्याचा काळा करायचा होता. बळवंत घरी न जाता थेट मच्छीमारांच्या मांगेलवाड्यात काशीबाईकडे गेला. गावातली सगळी जाळी काशीबाईच्या काहिलीत रंगत. ऐनाची साल उकळलेलं पाणी, त्यात गंजके खिळे आणि होडीचं जुनं लोखंड. त्यात जाळं बुडवलं की सुताला खारं पाणी बाधत नाही.

“एका बुडीत तांबूस व्हल,” पट्टा बोटांनी चाचपत काशीबाई म्हणाली. “काळा पायजे तर तीन बुड्या. पन पांढऱ्याचा काळा करतोस कशाला?”

“परीक्षा पास झालो की रंग बदलायचा असतो, काकी.”

“मंग बरोबर. जितक्या बुड्या तितकं जाळं पक्कं,” असं म्हणून काशीबाईने पट्टा काहिलीत सोडला. ज्यूदोविषयी तिचं जे मत बनलं ते तेव्हाच, आणि ते कायमचं.

अण्णांनी सुपारीची रिकामी वखार दिली. भाताचा पेंढा पसरून वर गोणपाटं शिवली आणि वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी कुणीतरी “मास्तर” म्हणून हाक मारली. बळवंताने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

शिकवणार काय? येत होतं तेच. पुढे पडा, मागे पडा, कुशीवर पडा, हनुवटी छातीला लावा, हात जमिनीवर सपकन आपटा, गोल फिरून उठा. चार महिने गेले तेव्हा मुलं म्हणाली, “मास्तर, पाडायचं कधी शिकवणार?”

“आधी पडायला तर शिका,” बळवंत म्हणायचा. हे उत्तर इतकं गंभीर वाटे, की पुढे दोन वर्षं ते पुरलं.

त्यातच पोफळीवर चढणारा नवशा दोन पुरुष उंचीवरून घसरला. लोक धावले. तोवर नवशा चेंडूसारखा गोल फिरून उभा राहिला होता आणि विडी मागत होता. “मास्तरांनी सांगितलं तसा पडलो,” तो म्हणाला. त्या दिवसापासून मास्तरांवर कुणी शंका घेतली नाही.

गाडं तिथेच थांबलं असतं, पण शेजारच्या घिवलीला देवू नावाच्या माणसाने वर्ग काढला आणि आपली तिसरी पायरी असल्याचं जाहीर केलं. केळव्याची मान खाली गेली. अण्णा वखारीत आले. “मास्तर, तुमची पहिलीच कशी काय?”

“चौथी झाली ना,” बळवंत म्हणाला. “पत्र आलंय परवा.”

पट्टा पुन्हा काहिलीत गेला. घिवलीची पाचवी झाली, केळव्याची सहावी. घिवलीने सातवी घेतली आणि केळवे एका आठवड्यात आठवीवर चढलं. बुड्या खाऊन पट्टा इतका कडक झाला की जमिनीवर उभा ठेवला तर उभा राही. त्याला सुक्या बोंबलाचा वास यायचा. वर्गाला जाताना बळवंताच्या मागे नेहमी दोन-तीन मांजरं असत. लोकांना वाटे, जनावरांनाही तेज कळतं.

एवढी उंची एकट्याला शोभत नाही, म्हणून त्याने थोडी वाटली. वखार दिल्याबद्दल अण्णांना चौथी पायरी. नवशाला दुसरी. बायकोला, आनंदीला, तिसरी. ती वखारीत कधी फिरकलीही नव्हती.

“मला कशाला?” आनंदीने विचारलं.

“घरात मला तूच पाडतेस.”

“अजून कुठं पाडलंय,” आनंदी म्हणाली. खरी गोष्ट गावात तिला एकटीला ठाऊक होती. जिमखान्याचे कपडे धुऊन त्याच्या हातांची काय दशा झाली होती, ते तिने पाहिलं होतं.

सहासष्टच्या हिवाळ्यात ही उंची अंगाशी आली. गावचा आत्माराम तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर स्टोअरमध्ये कारकून होता. तिथे ड्वायर नावाचा अमेरिकन फोरमन होता आणि तो महायुद्धानंतर नऊ वर्षं जपानात राहून ज्यूदो शिकला होता. आत्मारामाला छाती फुगवायला एवढं पुरलं.

“मास्तर, साहेबाला सांगितलं मी, आमच्या गावात आठवी पायरी हाय म्हणून!” तो सायकलवरून उतरता उतरता ओरडला. “साहेबाच्या हातातला चहा सांडला. म्हणाला, आठवीचा माणूस आपण लांबूनसुद्धा पाह्यला नाय. रविवारी दर्शनाला येतोय!”

“दर्शनाला?”

“पाया पडणार म्हणे. आणि मंग तुमच्याशी एक डाव खेळणार.”

बळवंताच्या डोळ्यांपुढे रविवार उभा राहिला. साहेबाची पकड, अख्खं गाव आणि मग पुन्हा ती जुनी हाक. काय रे बळ्या.

रविवारी त्याला ताप आला. पांघरूण डोक्यावरून घेऊन तो पडून राहिला. आनंदीने कपाळाला हात लावला.

“गार हाय कपाळ.”

“आतून ताप हाय.”

“अवो, जीप आली. साहेब समुद्रात पवायला उतरलाय, कपडे काशीकाकीच्या अंगणात ठेवून. अण्णांनी तीस शहाळी सोलून ठेवलीत. आता उठा.”

“आनंदी, आज मी संपलो.”

“सात वर्षं रोज आपटून घेतलंत, तवा नाय संपलात,” ती म्हणाली. “आज एक दिवस जास्त. उठा!” आणि तिने पांघरूण ओढलं. तिसरी पायरी फुकट नव्हती.

अंगरखा घालून, पट्टा बांधून बळवंत काठावर पोचला तेव्हा साहेब पोहून आला होता. सहा फुटांचा, लाल पाठीचा, टॉवेल गुंडाळलेला. तो काशीबाईच्या अंगणात खाली वाकून काहीतरी शोधत होता. आत्माराम त्याच्या मागे मागे वाकत होता.

“काय हरवलं?” अण्णांनी विचारलं.

“साहेबाचा पट्टा. अंगरख्यावर ठेवला होता.”

“हरवतोय कशाला!” काशीबाई काहिलीमागून म्हणाली. बांबूच्या टोकाला तिने काहीतरी धरलं होतं, वाफाळतं, ठिबकणारं, काळंभोर. “अरे, तांबूसच ठेवला होता कुनी बिचाऱ्याचा. एकच बुडी दिलेली! एवढा मोटा मानूस, आपल्या गावात येऊन अर्ध्या रंगात फिरंल काय? आपली लाज जाते. घे म्हनावं. पैसे नको.”

गावाने टाळ्या वाजवल्या.

साहेबाने पट्ट्याकडे पाहिलं. मग तो पालथ्या घातलेल्या होडीवर बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत धरलं. तो जे बोलला ते आत्मारामाने अडखळत सांगितलं.

“साहेब म्हणतो… तो तपकिरीच होता. नऊ वर्षं घासून मिळाला. काळ्याच्या परीक्षेला दोनदा बसला, दोनदा नापास झाला. म्हणतो, काळा मी बांधू शकत नाय, तो कमवावा लागतो. आणि आता तपकिरीपण गेला.”

टाळ्या थांबल्या. काशीबाई बांबू धरून तशीच उभी. “पन परीक्षेनंतर रंगवतात, असं बळवंतच म्हनाला ना?”

सगळे बळवंताकडे बघू लागले. पळायला वाट होती. मागे सुरूची झाडं, झाडांमागे घर, घरात पांघरूण. पण नऊ वर्षं घासून मिळवलेला पट्टा बांबूवरून ठिबकत होता आणि त्याच्या स्वतःच्या कमरेला तोच रंग नुसत्या काहिलीखालच्या सरपणावर मिळालेला होता. त्याने आपला पट्टा सोडला. पट्टा वाळूत काठीसारखा उभा राहिला.

“आत्माराम, साहेबाला सांग,” तो म्हणाला. “माझी आठवी नाय. पहिलीपण नाय. मी तिथं गाद्या घालायचो. पट्टा पांढरा होता.”

मग अण्णा पुढे आले. बळवंताने डोळे मिटले. आता येणार ती हाक.

“हे चालायचं नाय!” अण्णा कडाडले. “तुझी आठवी गेली तर माझ्या चौथीचं काय?”

“आणि माझ्या दुसरीचं?” नवशा म्हणाला. “सोयरीक जमली माझी तिच्यावर!”

“अण्णा, मी खोटं बोललो.”

“तू बोललास. मी कुठं बोललो? मी मानानं घेतली हाय. परत देणार नाय!”

हा वाद अर्धा तास चालला असता. पण साहेबाने उठून पाटलोण आणि अंगरखा चढवला आणि आत्मारामाला काहीतरी विचारलं.

“साहेब विचारतो, मंग तुम्हाला येतं तरी काय?”

“पडायला,” बळवंत म्हणाला.

ओल्या वाळूवर दोघे समोरासमोर उभे राहिले, दोघांचेही अंगरखे सुटलेले. साहेबाने त्याला धरलं आणि खांद्यावरून फेकलं. बळवंत हवेत एक अख्खा फेरा फिरला, हात सपकन वाळूवर आपटला आणि उभा राहिला. चेहऱ्यावर एवढाच भाव, की गादी बरी आहे. साहेबाने भुवया चढवल्या. कमरेवरून फेकलं. बळवंत उठला. पायात पाय घालून फेकलं. उठला. अकरा वेळा फेकलं. बाराव्या वेळी साहेबालाच दम लागला आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून हसायला लागला. मग बराच वेळ काही सांगत राहिला आणि आपला उजवा खांदा दाखवत राहिला.

“म्हणतो, हा खांदा दोनदा मोडलाय,” आत्माराम म्हणाला. “पाडायला घाई केली, पडायला नीट शिकलोच नाय. परीक्षेत त्यामुळंच भीती वाटते. असा पडणारा माणूस मी जपानातसुद्धा पाह्यला नाय. विचारतो, शिकवाल का?”

सात वर्षं बळवंताला पुष्कळ साहेबांनी आपटलं होतं. विचारलं कुणी नव्हतं.

“पण पट्टा?” तो म्हणाला.

आनंदी पुढे झाली. तिने अण्णांच्या खांद्यावरचं पांढरं उपरणं न विचारता ओढून घेतलं आणि दातांनी फाडून त्याच्या दोन पट्ट्या केल्या. एक साहेबाला दिली, एक नवऱ्याला. “दोघंबी पयल्यापासून सुरू करा,” ती म्हणाली. अण्णांनी उपरणं जाऊ दिलं. चौथी पायरी शाबूत राहिली एवढं त्यांना पुरे होतं, आणि ती त्यांनी मरेपर्यंत सोडली नाही.

ड्वायर साहेब पुढचं वर्षभर दर रविवारी येऊन पडला. वखारीच्या दारावर बळवंताने स्वतः खडूने लिहिलं : ‘येथे फक्त पडायला शिकवतात.’ पोफळीवर चढणारे सगळे आले, तारापूरच्या परांचीवर चढणारे मजूरही आले. घिवलीच्या देवूने ते लिहिलं त्याच महिन्यात नववी पायरी जाहीर केली. बळवंताने त्याला निरोप पाठवला, ‘अभिनंदन.’ पंधरा दिवसांनी देवू स्वतः आला, लंगडत, आणि मागच्या रांगेत उभा राहिला. कुणी त्याला काही विचारलं नाही.

लोक बळवंताला मास्तरच म्हणत राहिले. सवय, दुसरं काय.

ते दोन काळे पट्टे काशीबाईने उचलून नेले. तिच्या मुलाने त्या पट्ट्यांनी होडीची वल्ही खुंट्यांना बांधली. गावात नायलॉनची जाळी आली, काहील उलटी पडून तिच्यात कोंबड्या बसू लागल्या, तरी ते पट्टे काही तुटले नाहीत.

“बुड्या आमी पक्क्या दिल्या होत्या,” काशीबाई सांगायची.