स्कॅनसमोरची खोटी खूण

माझ्या वहीत धाकट्या भावाचं एक पान आहे. वजन, ताप, रात्रीचा घाम, मानेतल्या आणि काखेतल्या गाठी. दर रविवारी मी मन्नाएखेळ्ळीला त्याच्या बियाण्यांच्या दुकानात जाते, आतल्या खोलीत त्याला उभं करते आणि शिंप्याच्या टेपनं गाठी मोजते. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.

त्याला लिम्फोमा आहे, म्हणजे गाठींचा कॅन्सर, हळू वाढणारा. शहरातले डॉक्टर म्हणाले होते, लगेच औषध नको, लक्ष ठेवू. मी विचारलं, "हा जोरात वाढायला लागणार असेल तर आधी कळेल का?"

"कोणाचा बदलून जोरात वाढेल, कधी बदलेल, हे छातीठोकपणे सांगता येत नाही," ते म्हणाले. "खुणा बघायच्या. एकच गाठ भराभर वाढली, वजन उतरलं, रक्तातलं एलडीएच चढलं, की स्कॅन करायचा. स्कॅनमध्ये जी गाठ सर्वांत जास्त चमकेल, तिचा तुकडा तपासायचा."

सरळ काम होतं. पण आमच्या लोकांना त्यातला 'हळू' एवढाच शब्द ऐकू आला. पाहुणे चहा पिता पिता म्हणत, "हळू वाढायलंय म्हणं. मग कामून घाबरायलाव?" भाऊ त्यांच्याही वरचढ. "अक्का, माझं पंचांग लिहायलीस व्हय? मुहूर्त निघाला की सांग, दुकान बंद ठेवतो."

उन्हाळ्यात डाव्या मानेतली सुपारीएवढी गाठ दोन महिन्यांत लिंबाएवढी झाली. एलडीएचही चढलं. डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला. त्या दिवशी मला रजा मिळाली नाही, तो एकटाच गेला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "झाला की. कागद डॉक्टरकडंच जाणार हाय."

मी वहीत 'स्कॅन'समोर बरोबरची खूण केली. गॅसचं सिलिंडर आलं तरी मी पावती बघितल्याशिवाय खूण करत नाही. इथं भावाच्या शब्दावर केली. याचा राग मला अजून आहे, आणि तो माझ्यावरच आहे.

सहा आठवड्यांनी आम्ही दोघं तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर शोधलं. स्कॅन नव्हताच. मी भावाला बाहेर बाकावर बसवलं.

"कुठं गेलतास त्या दिवशी?"

"तिथंच गेलतो. तो आतला माणूस म्हणला, गळ्यातलं काढा. म्हणलं, हे निघत न्हाई. म्हणला, मग स्कॅन होत न्हाई. आलो परत."

गळ्यातलं म्हणजे इष्टलिंग. ते अंगावेगळं करायचं नसतं. हे मला कोणी शिकवायला नको, माझ्याही गळ्यात आहे. त्याचं लिंग आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या, चांदीच्या डबीत असतं.

"आणि मला खोटं सांगितलंस?"

"तू भांडली असतीस तिथं."

"मग? भांडायलाच पाहिजे होतं!"

मी तडक स्कॅनच्या खोलीकडं गेले. त्या माणसाला विचारलं, "अडचण लिंगाची आहे का डबीची?"

"धातू नको, बाई. डबी नको."

"लिंग कापडात बांधून मुठीत धरलं तर?"

"चालेल की."

"मग त्या दिवशी हे एवढं सांगायला काय झालं होतं?"

"त्यांनी विचारलं न्हाई."

या भागात गळ्यात लिंग असलेली माणसं रोज त्या दारातून आत जातात. त्यांना मराठीत नाहीतर कन्नडमध्ये एक वाक्य सांगायला किती दम लागतो? आणि लाखाचं बियाणं घासाघीस करून विकणाऱ्या माझ्या भावाला एक प्रश्न विचारता येऊ नये?

दोन दिवसांनी तो लिंग पांढऱ्या कापडात बांधून, मुठीत धरून आत गेला. मानेतली तीच गाठ सर्वांत जास्त चमकली. तुकडा तपासला. आजार बदलला होता.

"या सहा आठवड्यांमुळे किती नुकसान झालं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

आजार कधी बदलेल याला हे उत्तर मी मान्य केलं होतं, कारण ते कोणाच्याच हातात नव्हतं. वाया गेलेल्या दिवसांना ते मी मान्य करत नाही. ते आमच्या हातात होते.

उपचार सुरू झाले त्या सकाळी मी घरून कागद लिहून नेला, मराठीत आणि कन्नडमध्ये: 'डबी काढा. लिंग कापडात बांधून मुठीत धरा.' कोणाला न विचारता स्कॅनच्या दारावर चिकटवला.

तिसऱ्या डोसनंतर रविवारी टेप लावला. लिंबू पुन्हा सुपारीवर आलं होतं. भावाच्या डोक्यावर केस उरले नव्हते, पण तोंड शाबूत होतं.

"रक्ताचा रिपोर्टबी चांगला हाय, अक्का. कर खूण."

"कागद दाखव आधी."