थँक्यू न म्हणण्याचा दिवस

हेस्टर मेडमेंटच्या स्वयंपाकघरात खुंटीला एक पत्र्याचं पातेलं लटकलेलं असतं. त्यात काही शिजत नाही. बुडाला एवढे पोचे, की अंडंही धड उकडणार नाही. पण मे महिन्याच्या शेवटी, ओकच्या दिवशी, झुंजूमुंजू झालं की म्हातारी ते काढते आणि खिडकीत बसून लाकडी डावाने बडवते. आता गल्लीबोळ फिरायला पाय साथ देत नाहीत. एके काळी याच पातेल्याने तिने अख्खं नॅडरकूम गाव अंथरुणातून उठवलेलं आहे.

उठायचं आणि टेकडीवरच्या थॉर्नलीच्या जंगलात जायचं. आत शिरताना सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "थॉर्नली, थॉर्नली, सगळं थॉर्नली!" मग ओकच्या हिरव्या फांद्या तोडून घराघरांच्या दारांवर बांधायच्या, चर्चच्या मनोऱ्यावर बांधायच्या. दुपारी हिरवळीवर नाच, पाव-चीज आणि सफरचंदाची साइडर. बाहेरच्यांना ही मौज वाटायची. गावाला पक्कं ठाऊक होतं, की या आरोळीच्या जोरावर जंगलातलं वाळकं लाकूड वर्षभर आपलं आहे. जंगल जमीनदाराच्या इस्टेटीचं, लाकूड गावाचं. लेखी काही नव्हतं. एखाद्या वर्षी आरोळी चुकली, किंवा परवानगीने आत गेलो, की हक्क संपला आणि भीक सुरू झाली.

म्हणून आईने हेस्टरला लहानपणीच बजावलं होतं, "त्या दिवशी जंगलात कुणाला थँक्यू म्हणायचं नाही. आपल्याच घराची कडी काढताना कडीला थँक्यू म्हणतेस का?"

उठता-बसता थँक्यू म्हणणाऱ्या नॅडरकूमच्या माणसाला ही मोठी तपश्चर्याच होती.

महायुद्ध संपलं तेव्हाची गोष्ट. कोळसा रेशनवर मिळायचा, तोही ओला. हेस्टरचा नवरा विल्फ लढाईतून छाती खराब करून घेऊन आलेला. हिवाळ्यात त्याची खाट चुलीला लागून ठेवावी लागे आणि चूल पेटायची ती थॉर्नलीच्या लाकडावर. त्याच वर्षी इस्टेटीचा मालक बदलला आणि पेलॅम नावाचा नवा कारभारी आला. गोड माणूस. गोड माणसापासून हेस्टर चार हात लांबच राहायची.

ओकच्या दिवशी पातेलं बडवत ती गावाला घेऊन टेकडी चढली, तर वरचं गेट सताड उघडं. आत टेबल मांडलेलं, चहाची किटली, शहाजिऱ्याचा केक.

"या, या," पेलॅम म्हणाला. "इस्टेटीची तुम्हाला पूर्ण परवानगी आहे. आधी चहा घ्या."

सगळ्यांत पुढे पर्सी लश, गावचा सुतार. गाईचा धक्का लागला तरी तिलाच सॉरी म्हणणारा. त्याने कप हातात घेतला आणि त्याच्या तोंडून गेलंच, "थँक्यू, साहेब."

पातेलं थांबलं.

"पर्सी, काय म्हणालास?"

"अगं, सवयीने गेलं, हेस्टर. मी चहाला म्हणालो."

"चहा कुठे उभा राहून घेतलास?"

पर्सीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पेलॅम हसत म्हणाला, "एवढं काय त्यात, मिसेस मेडमेंट? पुढच्या वर्षीही मी आनंदाने परवानगी देईन."

तो हसत होता, आणि हेस्टरच्या डोळ्यांपुढे विझलेली चूल होती.

"सगळे बाहेर चला," ती म्हणाली. "पर्सी, कप ठेव. शेवटी तू निघ आणि गेट लावून घे."

गाव बाहेर आलं. गेट लागलं.

"आता ते बिजागरीतून उचल."

"मीच बसवलंय गं ते."

"मग उचलायलाही तूच."

"पण गेट उघडंच होतं की," पेलॅम आतून म्हणाला.

"म्हणूनच लावलं," हेस्टर म्हणाली.

चार गड्यांनी गेट उचलून गवतावर आडवं टाकलं. त्यावर पाय देऊन गाव आत शिरलं, आणि त्या सकाळी जी आरोळी उठली, तिने झाडांवरचे कावळे खालच्या गावापर्यंत उडवले. सगळ्यांत मोठा आवाज पर्सीचा होता. त्याचा घसा आठवडाभर बसला.

फांद्या तोडून झाल्यावर हेस्टरने घरून आणलेली गरम चहाची बरणी उघडली. पेलॅम एका बाजूला एकटाच उभा होता. त्याच्या चहाला पुन्हा कुणी शिवलं नव्हतं. तिने झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरला. "घ्या. दमला असाल."

"थँक्यू, मिसेस मेडमेंट," पेलॅम म्हणाला.

मग दम खात मागून वर आलेल्या विल्फने खोकत खोकत हसायला सुरुवात केली आणि सगळं गाव हसत सुटलं. आपणच इथे पाहुणे ठरलो हे पेलॅमला कळलं तेव्हा झाकण रिकामं झालं होतं. जाताना गडी गेट बसवून गेले. परवानगीचा विषय पेलॅमने पुन्हा काढला नाही. विल्फने आणखी बरेच हिवाळे पाहिले, ते त्याच चुलीशी.

आता हेस्टरच्या घरी गॅसचा हीटर आहे आणि खाटेची जागा रिकामी. तरी ओकच्या दिवशी काठी टेकत पर्सी येतो, दारावर फांदी बांधतो आणि मुद्दाम उभा राहतो.

"काही म्हणणार नाहीस?"

"वाकडी बांधलीस," हेस्टर म्हणते.