तणसाला काडी लावली नाही

आमच्या भागात घरामागे तणसाचा ढीग दिसला नाही की लोक विचारतात, "काहून, शेती सोडली का?" म्हणून बैल विकले त्या वर्षीही मी ढीग रचला. गोठ्यात खायला कोणी नाही, घरात जेवायला मी एकटी, आणि मागे धानाच्या पेंढ्याचा हा डोंगर! सवयीला औषध नाही, दुसरं काय.

आमचे हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगी नागपूरला. तिचा फोन आला की शेवटी ठरलेलं, "आई, एकटी कायले राहते तिथं? माझ्याकडे ये." शेजारच्या शेतात धाकटे दीर. ते म्हणत, "वहिनी, जमीन मी ठेक्यानं करतो, तुम्ही पोरीकडे जा." दोघांच्याही मनात खोट नव्हती. पण शेत गेलं तर सकाळी उठून मी जायचं कुठे? चौथ्या मजल्यावर बसून कुंडीत धान लावू का?

मृग जवळ आला तरी ढीग तसाच. जो तो सांगे, जाळून टाका, भानगड मिटली. पण ज्याच्यावर आमचे बैल पोसले त्याला काडी लावायला माझा हात धजेना. शेवटी रोवण्याच्या तोंडावर ते सगळं तणस शेतातल्या बांध्यांमध्ये, पाणी धरायच्या वाफ्यांत पसरवलं, ट्रॅक्टरनं चिखलात गाडलं, आणि वर लगेच धान रोवलं.

दीर दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभे होते. "वहिनी, धान रोवून राहिल्या का तणस?"

माझं डोकंच सणकलं. "शेत माझं आहे, भाऊजी! हे धान उभं नाही राहिलं, तर सामान बांधतो आन् जमीन तुमच्या हवाली करतो. झालं समाधान?"

माझं तोंड हे असं. मला विचारत नाही.

पंधरवड्यात धान पिवळं पडलं. दिरांच्या बांध्या हिरव्यागार, आणि माझ्या मात्र हळद लावल्यासारख्या. पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येत, कुबट वास सुटे. रोज धुऱ्यावर जाऊन बसायची आणि ह्यांना शिव्या द्यायची, मला असं एकटीला टाकून गेलात म्हणून. मग रडायची. घरी येऊन भात टाकायची आणि न जेवता झाकून ठेवायची.

एक दिवस शेतीखात्यातली पोरगी आली. तिनं एक रोप उपटलं, मुळं धुऊन पाहिली.

"काकू, रोग नाही हा. तणस सडवणारे बारीक जीव मातीतलं नत्र आधी स्वतः खातात. त्यांचं झालं की ते परत धानाला मिळतं. तुम्ही उशीर केला. कापणी झाल्यावर ओल असतानाच गाडलं असतं तर रोवण्यापर्यंत सडून गेलं असतं."

म्हणजे पंगत बसली होती आणि माझं धान ताट घेऊन मागे उभं होतं! तिनं सांगितलं तसं दोन-चार दिवस पाणी काढून टाकलं, थोडा युरिया दिला. हळूहळू पातीवर हिरवं चढलं. दिरांपेक्षा पीक थोडं कमी आलं, पण उभं राहिलं. मी सामान बांधलं नाही.

ढीग रचणं तेव्हापासून बंद. आता कापणी झाली की ओलीतच तणस पसरवून नांगर घालते. धान पुन्हा तसं पिवळं पडलं नाही. मातीनं मात्र वेळ घेतला, वर्षं गेली. पूर्वी धान निघालं की जमीन अशी वाळे की कुदळ मारली तर हातालाच झिणझिण्या. आता ढेकूळ मुठीत दाबलं की भुगा होतो, आत गांडुळं सापडतात, आणि पाऊस पडला की पाणी वर साचून न राहता आत मुरतं.

यंदा दिवाळीआधी दिरांनी धुऱ्यावर बसून माझ्या शेतातलं एक ढेकूळ उचललं, कुस्करलं, आणि हातातली माती बोटांनी चाळून पाहिली.

"वहिनी, यंदा मीही जाळत नाही. आन् ठेक्याचं आता नाही विचारत. तुम्हीच करा."

मी घरी आले ती जवळजवळ धावतच. मुलीला फोन लावला. माती, गांडुळं, दीर काय म्हणाले, सगळं सांगितलं.

"बरं झालं, आई," ती म्हणाली. "मी पण आता 'ये, ये' करणार नाही. तुझं तिथंच बरं आहे, समजलं मले."

"हौ," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. चूल पेटवायची राहिली. तिनं बोलावलं असतं तरी मी गेले नसतेच. पण बोलवायला पाहिजे होतं.